चोवीस कोर

सकाळी साडेनऊला पेठच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये यंत्राच्या पडद्यावर आकडा आला, 9640. इथून सोडलेला उजेड नऊ हजार सहाशे चाळीस मीटर गेला आणि तिथून परत फिरला. पुढे तारच नाही. "कट आहे," केबल जोडणारा स्प्लायसर म्हणाला आणि उरलेला चहा एका घोटात संपवून पॅचकॉर्ड गुंडाळायला लागला.

यंत्राला ओटीडीआर म्हणतात. विहिरीत खडा टाकून आवाज यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खोल आहे ते ओळखावं, तशातली गत. फरक एवढाच की काचेत उजेड सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे साडेनऊ किलोमीटर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा दहा हजारावा भागही लागत नाही. यंत्र तेवढा वेळ मोजतं आणि मीटर सांगतं.

पेठ हा नाशिक जिल्ह्याचा आदिवासी तालुका. भाताचा, नागलीचा, आणि पावसाळ्यात ढगांतून खाली न उतरणारा. मी गेलो तेव्हा रोहिण्या संपत आल्या होत्या, मृग तोंडावर होता. पिकअपमध्ये आम्ही चौघं: चोविशीतला स्प्लायसर, ड्रायव्हर, खोदकामाला सोबत घेतलेले मामा आणि मी. आतल्या सात गावांच्या ग्रामपंचायतींचं इंटरनेट चार दिवसांपासून बंद होतं.

गाडीच्या मीटरवर 9.1 किलोमीटर झाले तसा स्प्लायसर म्हणाला, "आता हळू घ्या." मी म्हटलं, अजून अर्धा किलोमीटर बाकी आहे. तो हसला. जमिनीखालची केबल रस्त्याइतकीच लांब नसते. दर चेंबरमध्ये, दर जॉइंटपाशी दहा-वीस मीटरचं वेटोळं मुद्दाम सोडलेलं असतं, उद्या ओढून घ्यायला. शिवाय केबलच्या आत काचेची तार थोडी सैल, पीळ घेत गेलेली असते. यंत्र तार मोजतं, रस्ता नाही. ती वजाबाकी कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते. या मार्गावर कुठे किती वेटोळी आहेत हे या पोराच्या डोक्यात आहे. उद्या त्याने दुसरं काम धरलं तर ते त्याच्याबरोबर जाईल.

शोधावं मात्र लागलं नाही. वळणावर जेसीबीने नवी गटार काढलेली, लाल माती अजून ओली, आणि त्या मातीतून प्लास्टिकच्या नळीचं तुटलेलं टोक बाहेर आलेलं. नळीला हे लोक डक्ट म्हणतात. नियमाप्रमाणे ती 1.65 मीटर खोल हवी, म्हणजे जवळजवळ पुरुषभर. इथे ती गुडघ्याएवढ्या खोलीवर होती. मामांनी कुदळीने दोन घाव घालून दाखवले. खाली काळा कातळ. "कातळ लागला का खणणारा वर येतो," मामा म्हणाले. "पैसे मीटरवर. खोली कोन बघतं?"

खोदण्याआधी खाली काय आहे ते कळावं म्हणून केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आणलं. खोदणाऱ्याने जागा कळवायची, केबलवाल्याला निरोप जायचा. गटारीवरच्या मुकादमाला मी त्याबद्दल विचारलं. त्याने मोबाइल खिशातून काढून माझ्यासमोर धरला. रेंज नव्हती.

या केबलची कुंडली मांडायची तर ऑक्टोबर 2011 पासून मांडावी लागते. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडायची योजना तेव्हा मंजूर झाली. दोन वर्षांत संपवू म्हणाले. पहिल्या 1 लाख ग्रामपंचायतींचा टप्पा डिसेंबर 2017 मध्ये गाठला. मधल्या काळात योजनेचं नाव बदलून भारतनेट झालं. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतलं, त्यात महाराष्ट्र होता, त्याचं महानेट. पैसा येतो तो एका वेगळ्या निधीतून. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून 5 टक्के आकार कापून 2002 पासून हा निधी साठत आला. जिथे धंदा म्हणून कुणी तार टाकणार नाही तिथे टाकण्यासाठी. त्याला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. म्हणजे मुंबईतल्या कुणी मोबाइलचं बिल भरलं की त्यातला लहानसा तुकडा कागदोपत्री पेठच्या या वळणापर्यंत येतो. मला ही कल्पना मनापासून पटते. तक्रार आहे ती पुढच्या हिशेबाबद्दल. इतकी वर्षं या योजनेची बातमी एकाच मापात आली: इतके किलोमीटर टाकले, इतक्या पंचायती जोडल्या. जोडलेली पंचायत आज चालू आहे का, हा आकडा लोकांना मागून मागून घ्यावा लागला.

तेवढ्यात मामांनी खड्डा मोकळा केला होता. तुटलेली दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचत नव्हती. जेसीबीच्या बादलीच्या दातांनी केबल नुसती तोडली नव्हती, ओढलीही होती. ओढलेल्या केबलच्या आत काच पुढेमागे कुठेही तडकलेली असू शकते, म्हणून दोन्ही बाजूंनी काही मीटर कापून टाकायचे, मधे नवा तुकडा घालायचा. एका कटला दोन जॉइंट. केबलमध्ये 24 तारा, त्यांना इथे कोर म्हणतात. चोवीस दुणे अठ्ठेचाळीस.

स्प्लायसरने पिकअपच्या हौद्यावर ताडपत्री बांधली, पाट मांडला. वारा, धूळ आणि घाम हे त्याचे तीन वैरी. केबलचं काळं साल सोललं की आत पिवळे चिवट धागे, मग चार बारीक नळ्या, प्रत्येकीत सहा तारा, वर व्हॅसलीनसारखा चिकट जेल. तो पुसताना बोटं बरबटतात. तांब्याचा मागमूस नाही. तरी तांबं असेल म्हणून ही केबल कापून नेणारे भेटतात, आणि फसल्यावर ती नाल्यात टाकून देतात.

तारांना रंग असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. पोरगं तो क्रम पाढ्यासारखा पुटपुटतं. एक तार निवडायची, चिमट्याने वरचा रंगाचा लेप सोलायचा. खाली उरते ती नितळ काच, 125 मायक्रॉन, जेमतेम केसाएवढी. त्यातही उजेड चालतो तो मधल्या 9 मायक्रॉनांतून. स्पिरिटने पुसल्यावर ती दोन बोटांत धरली की कुईं असा आवाज येतो. तो आला तर स्वच्छ झाली. मग क्लीव्हर नावाच्या कातरीत ठेवून कच्चकन तोडायची, टोक काटकोनात सपाट यायला हवं. तुटलेला तुकडा तो लगेच चिकटपट्टीवर घेतो. जमिनीवर पडला तर दिसत नाही, पायात गेला तर काढता येत नाही. बोटाला चिकटून पोटात जायला नको म्हणून काम संपेपर्यंत भाकरीला हात लावायचा नाही.

दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवली की पडद्यावर ती मुसळाएवढी दिसतात. मशीन त्यांना आपोआप समोरासमोर आणतं, एक क्षण निळसर ठिणगी, आणि दोन काचा वितळून एक होतात. पडद्यावर अंदाजी लॉस येतो, म्हणजे जोडावर किती उजेड गळतो ते. 0.02 आला तर तो मान हलवतो. 0.05च्या वर गेला की तोडून परत पहिल्यापासून. वरून एक बारीक नळी सरकवायची, तीत स्टीलची काडी असते, ती मशीनच्या तव्यावर शेकून आवळायची. एका कोरला तीन-चार मिनिटं. हे अठ्ठेचाळीस वेळा.

वापरात होत्या फक्त चार तारा. त्या त्याने आधी जोडल्या. दुपारी एकच्या सुमाराला पेठहून फोन आला असता, पण फोनला रेंज नाही, म्हणून ड्रायव्हर टेकडीवर जाऊन विचारून आला: लाइन आली. सात गावं चालू. आता उरलेल्या वीस तारांचं काय? त्या अंधारात पडून असतात, पुढेमागे लागल्या तर. पैसे जॉइंटमागे मिळतात, कोरमागे नाही. चार जोडल्या तरी तेवढेच, चोवीस जोडल्या तरी तेवढेच. "पुष्कळ जण चारच करून झाकण लावतात," तो मान वर न करता म्हणाला. "मग पुढच्या वेळी कुठली तार कुठवर धड आहे ते कोणालाच कळत नाही." आभाळ भरून आलं होतं. ड्रायव्हरने दोनदा घड्याळ बघितलं. पोराने पुढची तपकिरी तार उचलली.

मला हा क्षण त्या सगळ्या योजनेचा गाभा वाटला, आणि तो कुठल्याच निविदेत लिहिता येत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला 1,39,579 कोटी रुपये मंजूर केले. त्यात दोन गोष्टी माझ्या मते खरंच शहाणपणाच्या आहेत. एक म्हणजे कंत्राट नुसतं टाकण्याचं नाही, तीन वर्षं उभारणी आणि पुढची दहा वर्षं देखभाल एकाच्याच गळ्यात. दुसरी रिंगची. आजवर तालुक्यापासून शेवटच्या गावापर्यंत केबल सरळ जायची, मध्ये तुटली की पलीकडची सगळी गावं अंधारात. या भागात फरशीवरून पाणी गेलं की पलीकडची एसटी बंद होते, तसंच. रिंग म्हणजे दुसऱ्या अंगाने गावात शिरणारा रस्ता. एक तुटला तर उजेड दुसऱ्याने जातो. घराघरांत दीड कोटी जोडण्या द्यायचंही त्यात म्हटलंय. तेही होवो. पण कातळ लागला की वर येणारा खणणारा अजून तोच आहे.

चार वाजता चोविसावी तार झाली. जॉइंटचे डबे बंद करून, वेटोळं चेंबरमध्ये बसवून, वर लाल फरशी ठेवून मामांनी माती लोटली, तेव्हा पहिले थेंब पडायला लागले. तिथेच उभ्याने भाकरी, उडदाचं बेसन.

मग शेवटच्या गावात गेलो. ग्रामपंचायतीच्या खोलीत भिंतीवर पांढरी पेटी, तिच्यावर इवलेसे दिवे. एलओएस लिहिलेला दिवा लाल असला की उजेड पोचत नाही. चार दिवस तो लाल होता, आता विझला होता आणि शेजारचा हिरवा स्थिर होता. दाखले काढून देणारी मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली होती. चार दिवस तिने काय केलं? खिडकीतून तिने समोरची टेकडी दाखवली. वर आंब्याखाली एक खडक आहे, त्यावर उभं राहिलं की मोबाइलला रेंज येते. लोकांचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती वर जायची आणि फोनवरून जमेल तेवढं भरून खाली यायची. जातीच्या दाखल्यांचे अर्ज होते, शाळा उघडायच्या आत हवे होते. "दादा, तक्रार मी पहिल्याच दिवशी केली होती," ती स्प्लायसरला म्हणाली. त्याने मोबाइलमध्ये बघितलं. त्याच्याकडे ती तिसऱ्या दिवशी आली होती. मधले दोन दिवस ती कुठे होती ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

बोलता बोलता वीज गेली. पेटी बॅटरीवर चालायला हवी होती, पण बॅटरी केव्हाच फुगून बाद झालेली. हिरवा दिवाही गेला. ती उठली, खुर्ची दाराशी ओढून बसली. "लाइट तासाभरात येते," ती म्हणाली.

तुमच्या गावच्या पंचायतीतही बहुधा अशी पेटी आहे. महाराष्ट्रातल्या हजारो पंचायतींत ती पोचली आहे. कधी दाखल्याला गेलात तर भिंतीकडे बघा, कुठला दिवा लागलाय ते. लाल असेल तर तक्रार कधी केली आणि तिचा नंबर काय, एवढं विचारा. नंबर नसेल तर तिथेच उभं राहून तक्रार करायला लावा.