दोन कान कशासाठी?

मधल्या सुट्टीत वर्गात गलका चालू असताना समोरच्या मित्राचे बोलणे ऐका. मग एक कान बोटाने घट्ट बंद करून पाहा. शब्द पकडणे अवघड होते. असे का व्हावे? कान बंद केल्याने गलकाही कमी झालाच की!

१९४८ साली अमेरिकेत आयरा हर्श यांनी यासंबंधीचे प्रयोग प्रसिद्ध केले. हेडफोनमधून दोन्ही कानांत एकच खरखर आणि तिच्यात एकच सूर सोडायचा. सूर खरखरीत अगदी बुडेपर्यंत मंद करायचा. आता एका कानातला सूर तेवढा उलटा करायचा, म्हणजे एका कानात संपीडन असेल त्या क्षणी दुसऱ्यात विरलन. काय आश्चर्य! बुडालेला सूर पुन्हा ऐकू येतो. सेकंदाला ५०० कंपने असलेला सूर अशा वेळी सुमारे १५ डेसिबलने, म्हणजे जवळजवळ तीसपट, क्षीण केला तरी ओळखता येतो. उंच सुरांत मात्र हा फायदा फार थोडा असतो.

याचे कारण असे, की मेंदू दोन्ही कानांच्या संदेशांची तुलना करतो. दोन्हींकडे सारखे ते जणू वजा होते. वेगळे ते उरते. एरवीही बाजूने आलेला आवाज दूरच्या कानाला किंचित उशिरा, फार तर सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाने, पोहोचतो. तेवढा फरक मेंदूला पुरतो.

तुमच्या वर्गात एकाच कानाने ऐकू येणारा कोणी असेल, तर शांततेत त्याला सारे समजेल, पण गोंगाटात तो चुकेल. ते दुर्लक्ष नव्हे! त्याचा चांगला कान शिक्षकांकडे राहील अशी पुढची जागा त्याला द्या.