पुष्पिंदर नावाचा सिलिंडर आणि खान्देशचा श्वास

'दिल बेचारा' हा हिंदी चित्रपट २४ जुलै २०२० रोजी मोबाईल आणि टीव्हीच्या पडद्यावर आला. थिएटरांना तेव्हा टाळे होते. डिस्ने प्लस हॉटस्टारने तो वर्गणी न भरणाऱ्यांनाही फुकट दाखवला. नायक सुशांतसिंह राजपूत याचा मृत्यू चाळीस दिवस आधी, १४ जूनला झाला होता. हसवत हसवत कॅन्सरची गोष्ट सांगणारा हा प्रेमपट. प्रेक्षकांनी काही तासांतच त्याला आयएमडीबीवर दहापैकी दहाच्या जवळ नेऊन बसवले. हे गुण चित्रपटाला होते की गेलेल्या माणसाला, असे विचारण्याची सोयही त्या दिवसांत नव्हती.

समीक्षक मंडळी मात्र अवघडून गेली. जॉन ग्रीनच्या २०१२ च्या कादंबरीवर हॉलिवूडने २०१४ मध्ये चित्रपट काढला होता. मुकेश छाब्रा यांचा 'दिल बेचारा' त्याच कादंबरीवर बेतलेला, त्यामुळे तुलना झालीच. कथा घाईत उरकली, असे काहींनी लिहिले. काहींनी सुशांतच्या हसऱ्या चेहऱ्याचे, संजना सांघीच्या साधेपणाचे आणि ए. आर. रहमानच्या संगीताचे कौतुक केले. हा चित्रपट नेहमीच्या मापाने मोजताच येत नाही, असे सांगून काहीजण मोकळे झाले. प्रेक्षक रडला, समीक्षक चाचरला. पण या साऱ्या चर्चेत एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. आजारपणावर हसता येण्यासाठी माणसाच्या पदरात आधी काय असावे लागते?

कथेकडे पाहा. जमशेदपूरच्या किझी बासूला थायरॉईडचा कॅन्सर आहे. नाकात नळी आणि सोबत कायम ऑक्सिजनचा सिलिंडर. त्या सिलिंडरचे तिने नाव ठेवले आहे पुष्पिंदर! रजनीकांतचा भक्त असलेल्या मॅनीचा एक पाय हाडाच्या कॅन्सरने गेलेला. दोघे भेटतात, भांडतात, प्रेमात पडतात आणि किझीच्या आवडत्या गायकाला शोधत पॅरिस गाठतात. पॅरिसला जाण्याची अडचण मुख्यतः तब्येतीची असते, पैशाची नसते. सिलिंडर संपला तर दुसरा कुठून आणायचा, त्यासाठी कोणाकडे हात पसरायचा, ही धास्ती या कथेत नाही. म्हणूनच सिलिंडरला लाडाचे नाव ठेवता येते.

आता त्याच दिवसांतला खान्देश आठवा. २ जून २०२० रोजी जळगावच्या शासकीय रुग्णालयातून ८२ वर्षांची एक कोरोनाग्रस्त वृद्धा बेपत्ता झाली. आठ दिवसांनी, १० जूनला, तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. चारच दिवसांनी सुशांत गेला आणि देशभरातल्या वाहिन्यांनी पुढचे कित्येक महिने दुसरा विषय ठेवला नाही. तरुण कलावंताच्या मृत्यूचे दुःख खरेच होते, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण जळगावच्या त्या आजीसाठी या देशाने किती दिवस अश्रू गाळले? मरणालाही प्रतिष्ठेची उतरंड असते, हे त्या महिन्याने पुन्हा दाखवून दिले.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, ऑक्सिजन हाच साऱ्या देशाचा विषय झाला. शेजारच्या नाशिकमध्ये २१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली आणि २२ रुग्ण तडफडून गेले. जळगाव-धुळ्यात ज्यांनी नातेवाइकांसाठी बेड आणि सिलिंडर शोधत फोनवर रात्री काढल्या, त्यांनी मागाहून 'दिल बेचारा' पाहिला असेल तर पुष्पिंदरच्या विनोदावर त्यांना हसू आले असेल का?

याच खान्देशात एक वेगळी गोष्टही घडली. साक्री तालुक्यातील सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबातले डॉ. राजेंद्र भारूड तेव्हा नंदुरबारचे जिल्हाधिकारी होते. मोहाची दारू विकून आईने वाढवलेला हा मुलगा आधी डॉक्टर झाला, मग आयएएस. त्यांनी सप्टेंबर २०२० मध्येच जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन काढणारा पहिला प्रकल्प उभा केला आणि पुढच्या वर्षी त्यात भर घातली. दुसऱ्या लाटेत मोठी शहरे धापा टाकत असताना आदिवासी नंदुरबारकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. ज्याने अभाव भोगला, त्याला सिलिंडरची किंमत आधी कळली.

याचा अर्थ 'दिल बेचारा' पाहून रडणारा आपला तरुण भाबडा होता, असा नाही. त्याला त्यात काहीतरी खरे सापडले होते. १९७१ च्या 'आनंद'पासून २००३ च्या 'कल हो ना हो'पर्यंत आपल्या सिनेमातला आजारी नायक वेदना लपवून इतरांना हसवत आला. 'कल हो ना हो'चा अमन तर आजार दडवतो आणि नायिकेने कोणाशी लग्न करावे हेही तिला न विचारता ठरवून टाकतो. किझी आणि मॅनीमध्ये अशी लपवाछपवी नाही. तुला काय झाले आहे, मला काय झाले आहे, हे दोघांना ठाऊक आहे आणि ते ठाऊक असूनच ते प्रेम करतात. या चित्रपटाची खरी कमाई हीच, आणि समीक्षकांनी तिच्याकडे पुरेसे पाहिले नाही.

कारण आपल्याकडे नेमके हेच घडत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार जिल्ह्यात आणि धुळे-जळगावच्या आदिवासी पट्ट्यात, भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. विदर्भात तो आपल्या बौद्ध बांधवांतही मोठ्या प्रमाणात आढळतो. मुलगा आणि मुलगी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते. प्राथमिक चाचणी साधी आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी हा आजार २०४७ पर्यंत संपवण्याची मोहीमही जाहीर केली. पण मोडलेल्या सोयरिकीच्या भीतीने रिपोर्ट पेटीच्या तळाशी जातो. मुलीचा तर हमखास जातो, कारण दोष तिच्याच माथी मारला जातो.

सांगा, प्रेम, हसू आणि आजार यांची याहून खरी गोष्ट कोणती? कॉलेजच्या एसटीत जमलेली दोन मने, दोघांच्या हातात तपासणीचे कार्ड, घरात मामा-काकांचा गोंधळ आणि आधी कोणी कोणाला सांगायचे हा पेच. यात विनोदही आहे आणि काळीज पिळवटणारी वेदनाही. अहिराणीत तर ती आणखी खुलेल. मात्र अशी गोष्ट मांडणाऱ्याला औषध कुठे मिळते, दवाखाना किती कोसांवर आहे आणि रोजगार बुडाला तर चूल कशी पेटते, हे टाळता येणार नाही.

आपल्या लेखक-कलावंतांनी ही गोष्ट उचलावी. आणि तिची वाट न पाहता प्रत्येक घराने एवढे करावे. मुला-मुलीचे लग्न ठरवताना पत्रिका बाजूला सारावी, रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवावा आणि तो वाचून काय करायचे, हे त्या दोघांना ठरवू द्यावे.