सोनोग्राफीला जाताय? उपाशी जायचं की पाणी पिऊन, आधी विचारून घ्या

डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली की माणूस सकाळची एसटी धरून तालुक्याला जातो. स्टँडवर उतरल्यावर चहा-बिस्किट होतं, मग सेंटरवर नंबर लागतो. आत गेल्यावर विचारतात, "काही खाल्लंय का?" चहा घेतला म्हटलं की उत्तर येतं, "उद्या उपाशीपोटी या." दिवसाची मजुरी गेली, गाडीभाडं गेलं आणि तपासणी राहिलीच. हे टाळायचं तर चिठ्ठी हातात घेतानाच डॉक्टरांना विचारा, "उपाशी जायचं की पाणी पिऊन?"

उपाशी कशासाठी?

खाल्ल्यावर, अगदी दुधाचा चहा घेतल्यावरही, पित्ताची पिशवी आकसते. मग आतले खडे नीट दिसत नाहीत. पोटात गॅस असेल तर त्यामागचे अवयव झाकले जातात. म्हणून पोटाच्या सोनोग्राफीआधी साधारण ६ ते ८ तास काही खायचं नसतं. तंबाखू, विडी, गुटखाही नको. साधं पाणी बहुतेक वेळा चालतं. रात्री हलकं जेवून सकाळची वेळ घेतलेली बरी. शुगरच्या पेशंटनी उपाशीपोटी गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं का, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारावं.

लघवी का धरायची?

गर्भपिशवी, अंडाशय, प्रोस्टेट यांच्या तपासणीला लघवीची पिशवी भरलेली लागते. ती भरली की आतडी बाजूला सरकतात आणि मागचं स्पष्ट दिसतं. त्यासाठी तासभर आधी ४-५ ग्लास पाणी प्यावं लागतं. मात्र घरून पिऊन निघू नका, रस्त्यातच पंचाईत होते. सेंटरवर पोचून नंबर कधी येईल ते विचारा, मग प्या. किडनीच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून पिणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना सांगावं.

गळ्याच्या किंवा स्तनाच्या सोनोग्राफीला अशी तयारी लागत नाही. पोटात अचानक जोराचं दुखत असेल किंवा गरोदरपणात रक्त जात असेल, तर उपाशी राहण्याची वाट बघू नका. थेट दवाखाना गाठा.

त्रास होतो का?

एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये किरण वापरतात, सोनोग्राफीत फक्त आवाजाच्या लहरी असतात. त्या आपल्या कानाला ऐकू येत नाहीत. अंगाला लावलेलं जेल थंड लागतं, तेवढंच. पण सोनोग्राफीत सगळंच दिसतं असं नाही. जठरातला अल्सर सहसा यात कळत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुखणं थांबलं नसेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.

गरोदर बाईसाठी

बाळाचे अवयव नीट आहेत का, हे पाहणारी सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत, म्हणजे पाचव्या महिन्यात होते. ती चुकवू नये. काही दोष निघाला तर पुढचा निर्णय घ्यायला वेळ मिळतो. २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या मोफत आहेत, त्यात सोनोग्राफीही येते. जवळ कुठे होते, हे आशाताईंना विचारा. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट घ्या. तिथे 'एफ फॉर्म' भरून सही घेतात. तो कायद्याने सक्तीचा आहे, घाबरायचं कारण नाही.

मुलगा की मुलगी, हे मात्र विचारू नका. १९९४ च्या कायद्यानुसार सांगणारा डॉक्टर गुन्हेगार ठरतो, तसे विचारणारे नवरा आणि सासरचेही. पहिल्याच गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. बाईवर दबाव टाकला गेला, असंच कायदा आधी धरून चालतो.

रिपोर्ट हातात आला की मोबाईलवर अर्थ शोधत बसू नका. ज्यांनी चिठ्ठी दिली त्याच डॉक्टरांना दाखवा आणि फाईलला लावून ठेवा. पुढच्या वेळी तुलनेला तोच लागतो.