उमेदवारीची पदवी

आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या पेढ्यांवर मालकाचा मुलगाही प्रथम गादीवर बसत नसे. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून ओल ओळखणे, काट्यावर उभे राहणे, सायंकाळी रोजमेळ जुळविणे, एवढी उमेदवारी झाल्यावाचून तिजोरीची किल्ली त्याच्या हाती पडत नसे.

हीच रीत आता विद्यापीठांनी स्वीकारली आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ साली झाला; १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर त्यात आले; आणि २०२० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या अभ्यासक्रमातच उमेदवारी गुंफण्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. विद्यार्थी कारखान्यात काम शिकतो, विद्यावेतन मिळवितो, आणि ते काम पदवीच्या गुणांकनात धरले जाते.

तथापि ‘शेटजींचा मुलगा तेलकट कपड्यांनी पाळीवर जाणार काय?’ अशी शंका आपल्या घरांतून निघते. सोलापूरचे वालचंद हिराचंद आपल्याच समाजातले. १९४० साली त्यांनी बंगलोरास विमानांचा कारखाना उभारला. यंत्र जाणणारे हात नसते, तर त्यांचे भांडवल काय कामाचे होते?

सौंसर तालुक्यातील बोरगावचे कारखाने तर आपल्या दाराशी आहेत. मात्र वानगी पाहिल्यावाचून आपण सौदा करीत नाही, तसेच येथेही करावे. शिकविणार कोण, शिकविणार काय, हे करारावर सही करण्यापूर्वी विचारावे. उमेदवारी संपली की नोकरी ठरलेलीच, असेही समजू नये. नुसती हमाली करवून घेणारी उमेदवारी हा खोट्या मापाचा व्यवहार होय. खरी उमेदवारी मिळाल्यास मुलास आणि मुलीसही निःशंकपणे पाठवावे.