पाळकीणबाई की पाळकबाई?
वेदी आणि उंबरठा : लेखांक ११

आज स्टॉकहोमला जायचं ठरलं होतं. बायकांच्या पाळकदीक्षेला स्वीडनच्या चर्चनं दिलेला १९५७चा नकार आणि १९५८चा होकार, दोन्हींची टिपणं काढून मेजावर ठेवली होती. ती अजून आठवडाभर तिथेच राहतील. मध्येच एक पत्र आलं आणि त्यातला प्रश्न काही केल्या बाजूला सारता येईना.

पत्र नगर जिल्ह्यातल्या एका बाईंचं आहे. त्या लिहितात, "दहा आठवडे तुम्ही दीक्षा मागणाऱ्या आणि दीक्षा मिळालेल्या बायकांबद्दल लिहिताय. माझे आजोबा पाळक होते. चर्चची किल्ली आजीच्या कनवटीला असायची. शब्बाथशाळा ती घ्यायची, पेटी ती वाजवायची, बाळंतिणीकडे रात्री-अपरात्री तीच जायची. सगळं गाव तिला पाळकीणबाई म्हणायचं. आजोबा गेले आणि चार महिन्यांत मिशनचं घर रिकामं करावं लागलं. तुमच्या लेखमालेत माझी आजी कुठे बसते?"

ही लेखमाला ल्यूथरन पंथाबद्दल आहे आणि त्या मिशनचा या पंथाशी संबंध नव्हता. पण बायकामुलांसह राहणारा पाळक आणि चर्चला लागून त्याचं घर, ही रीत प्रॉटेस्टंट जगात रुजली ती विटेनबर्गच्या आसपास, ल्यूथरच्या हयातीत. तेव्हा बाईंचा प्रश्न माझ्याच अंगणातला आहे.

आधी त्या शब्दाकडे बघू. पाटलाची बायको पाटलीणबाई, वकिलाची वकिलीणबाई, डॉक्टरची डॉक्टरीणबाई. पुढे बायका स्वतः डॉक्टर झाल्या, तेव्हा भाषेनं त्यांच्यासाठी 'डॉक्टरबाई' असा निराळा शब्द केला. 'डॉक्टरीणबाई' नवऱ्यामुळे, 'डॉक्टरबाई' स्वतःच्या शिक्षणामुळे. एका 'ईण'मध्ये केवढा फरक! जर्मन भाषेला ही वाट इतकी सहज सापडली नाही. पाळकाच्या बायकोला तिथे पिढ्यान्‌पिढ्या 'फ्राउ फारर' म्हणत, म्हणजे 'श्रीमती पाळक'. मग विद्यापीठातून धर्मशास्त्राची पदवी घेतलेली बाई चर्चच्या दाराशी आली, तेव्हा हे संबोधन आधीच घेतलेलं होतं. स्वीडिश भाषेत 'बिस्कोपिना' म्हणजे बिशपची बायको. स्वतः बिशप झालेल्या बाईला तो शब्द कसा चालणार? तिला सरळ 'बिस्कोप'च म्हणतात.

पाळकाच्या या घराची पहिली मालकीण तुमच्या ओळखीची आहे. कॅथरिना फॉन बोरा या जोगिणीची निम्बशेनच्या मठातून झालेली सुटका आणि गाडीतली ती हेरिंगची पिंपं आपण चौथ्या लेखांकात पाहिली. तेव्हा मी तिला लग्नाच्या मांडवाशी सोडून पुढे गेलो, ते बरं केलं नाही. १५२५च्या जूनमध्ये ल्यूथरशी लग्न झालं आणि विटेनबर्गचा रिकामा पडलेला मठ तिच्या हाती आला. त्याचं तिनं विद्यार्थ्यांची खाणावळ-वसतिगृह केलं. बिअर गाळली, डुकरं पाळली, मळे लावले, मासळीचं तळं सांभाळलं, पुढे झ्युल्सडोर्फची शेतीवाडी घेतली. पैशाचा व्यवहार ल्यूथरला कधीच जमला नाही, तो सगळा तिच्याकडे. तो तिला 'हेर केटे' म्हणायचा, म्हणजे 'केटेसाहेब'. त्यात थट्टा होती, तशी कबुलीही होती.

ल्यूथरनं १५४२मध्ये मृत्युपत्र केलं आणि सगळं तिच्या नावे लिहिलं. मुलांची जबाबदारीही तिच्यावरच सोपवली. त्या काळच्या सॅक्सन कायद्यात विधवेच्या वाट्याला फारच थोडं येई आणि तिच्यावर पालक नेमला जाई, म्हणून हे मोठंच धाडस होतं. पण वकिलांवर त्याचा मुळीच विश्वास नव्हता, त्यामुळे ते मृत्युपत्र कायद्याच्या चौकटीत बसवून घेतलेलं नव्हतं. १५४६च्या फेब्रुवारीत तो गेला आणि वाद उभा राहिला. निवास सोडावा, मुलं दुसरीकडे ठेवावीत, असा दरबारातल्या मोठ्या माणसांचा आग्रह. इलेक्टरनं, म्हणजे सॅक्सनीच्या राज्यकर्त्यानं, मध्यस्थी केली म्हणून घर वाचलं. पाठोपाठ लढाई आली आणि तिला दोनदा गाव सोडून पळावं लागलं. परतली तर शेतं उजाड, जनावरं नाहीत. तिनं कर्ज काढलं आणि पुन्हा खाणावळ चालू केली. १५५२मध्ये प्लेगमुळे टोर्गाउकडे निघाली असताना गाडीचे घोडे बुजले, ती पडली आणि त्यातून उठली नाही. त्याच डिसेंबरात टोर्गाउला तिचा अंत झाला. पहिल्या पाळकीणबाईंची ही अखेर. नगरच्या बाईंनी हे वाचावं असं मला फार वाटतं.

घर पाळकाचं नव्हतं, पदाचं होतं. सगळ्याचं मूळ इथे आहे. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, उत्तर जर्मनीतल्या खेड्यांत पाळकाला रोख पगार नावालाच मिळे. धान्य, लोणी, मासळी अशा रूपात येणारा दशमांश आणि घराभोवतीची जमीन, हेच त्याचं उत्पन्न. धान्य साठवायचं, लोणी टिकवायचं, गडीमाणसं राबवायची, वाटसरूंना जेवू घालायचं, हे सगळं बायकोच्या अंगावर. तिच्यावाचून पाळकपद चालणंच शक्य नव्हतं. पण नेमणुकीच्या कागदावर तिचं नाव नव्हतं. नवरा गेला की नवा पाळक यायचा आणि घर त्याचं व्हायचं. 'कृपावर्ष' म्हणून एक सवलत होती. त्या मुदतीत विधवेला पदाचं उत्पन्न मिळे. त्यानंतर काय?

त्यानंतरची जी तोड निघाली, तिचे पुरावे मी कितीतरी वर्षं गोळा करतो आहे. नव्या पाळकानं आधीच्या पाळकाच्या विधवेशी, नाहीतर मुलीशी लग्न करायचं! सतराव्या-अठराव्या शतकात ही चाल या सगळ्या मुलखात होती. कुठे ती अपेक्षा असे, कुठे नेमणुकीची उघड अटच. जर्मन आणि स्वीडिश कागदांत तिच्यासाठी जो शब्द येतो त्याचा अर्थ 'जतन करणं'. विधवा जतन करायची, जसं घराचं छप्पर जतन करायचं. फेरो बेटांवर बेन्टा ब्रोबर्ग नावाच्या बाईनं एकामागून एक तीन पाळकांशी लग्न केलं. लोकांनी तिला पुरुषांचा घात करणारी ठरवलं, तिच्यावर दंतकथा रचल्या. यॉर्गन-फ्रान्झ याकोबसेनची 'बार्बरा' ही १९३९ची कादंबरी तिच्यावरूनच सुचलेली. मला मात्र त्या दंतकथेत छप्पर टिकवण्याची धडपड दिसते.

चर्चच्या वादकाच्या नोकरीलाही हाच नियम लागू होई. ल्यूबेकच्या मारियेनकिर्शेत बुक्स्टेहूड ऑर्गनवादक झाला, तेव्हा १६६८मध्ये त्यानं आधीच्या वादकाच्या, टुन्डरच्या, मुलीशी लग्न केलं. तो म्हातारा झाला तेव्हा त्याच्या मुलीचा प्रश्न आला. १७०३च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांचा हॅन्डेल आणि त्याचा मित्र माटेसोन ती जागा बघायला आले. जागेबरोबर आना मार्गारेटा आहे हे कळल्यावर दोघं आल्या पावली परत गेले. संगीताच्या इतिहासात ही गोष्ट गमतीदार किस्सा म्हणून सांगतात. मला ती तशी सांगवत नाही. त्या मुलीनं दिवाणखान्यात पाहुण्यांना काहीतरी दिलं असेल, त्यांचं वाजवणं ऐकलं असेल, आणि दार बंद झाल्याचा आवाजही ऐकला असेल. चार वर्षांनी, बाप गेल्यावर, शीफरडेकर नावाच्या वादकानं नोकरी घेतली आणि तिच्याशी लग्न केलं.

याहून माणुसकीची वाटही काही ठिकाणी निघाली. ऱ्युगेन बेटावर ग्रोस त्सिकर नावाच्या खेड्यात १७२०च्या सुमारास पाळकांच्या विधवांसाठी बांधलेलं घर अजून उभं आहे. उंच, उतरतं, बोरूनं शाकारलेलं छप्पर, खाली बुटक्या भिंती. आज तिथे संग्रहालय आहे. ल्यूथरन इमारतींमध्ये मला ल्यूथरच्या प्रबंधांमुळे गाजलेल्या विटेनबर्गच्या त्या दरवाजापेक्षा हे घर अधिक जवळचं वाटतं.

आता पाळकाच्या घरावरूनच स्टॉकहोमच्या वाटेला लागता येईल. विसाव्या शतकात जर्मनीत धर्मशास्त्र शिकलेल्या बायकांना चर्चनं थोडंथोडं काम दिलं. त्यांना पाळक म्हटलं नाही, 'विकारिन' म्हटलं. बायकामुलांना शिकवावं, आजाऱ्यांना भेटावं, तुरुंगात जावं. आणि लग्न केलं की नोकरी सोडावी! ही अट बहुतेक प्रांतांतल्या चर्चांमध्ये होती. ती एकेका ठिकाणी निघत गेली, तरी पुरती जायला १९७०चं दशक उजाडलं. ज्या पंथानं ब्रह्मचर्याची सक्ती मोडून सुरुवात केली, ज्याच्या संस्थापकानं मठातून पळालेल्या जोगिणीशी संसार थाटला, त्यानंच ती सक्ती चारशे वर्षांनी बायकांवर घातली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. त्या अटीचं कारण उघड आहे. पाळकाच्या घरात एक बायको लागते, बिनपगारी, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. बाईच पाळक झाली, तर त्या घरातली बायको कोण?

म्हणून नगरच्या बाईंना माझं उत्तर असं. तुमच्या आजी या लेखमालेत पहिल्या लेखांकापासून असायला हव्या होत्या, राहिल्या ती माझी चूक. दीक्षेचा वाद चालला तेव्हा 'बाईला हे काम झेपेल का?' असं विचारणारे लोक ज्यांच्या हातचं जेवून सभेला येत, त्यांच्यात तुमच्या आजीसारख्या शेकडो होत्या. किल्ली कनवटीला असलेल्या बाईनं अर्धं काम कधीपासूनच चालवलं होतं.

तुमच्या मंडळीत दीक्षा घेतलेल्या बाईला काय म्हणतात, पाळकबाई, पाळकीणबाई की आणखी काही, ते मला कळवा. आणि आजींच्या हातची एखादी वही, जमाखर्च, शब्बाथशाळेची हजेरी, काही उरलं असेल तर जपून ठेवा. स्टॉकहोम पुढच्या आठवड्यात.