टार्मिगनच्या चढउताराचे कोडे

थंडी पडू लागली की उत्तर ध्रुवालगतच्या प्रदेशातील बहुतेक पक्षी दक्षिणेकडे स्थलांतर करतात. टार्मिगन मात्र तेथेच राहतो. तित्तिरासारख्या ठेंगण्या बांध्याचा हा पक्षी उन्हाळ्यात खडकाच्या रंगाचा आणि हिवाळ्यात पांढराशुभ्र असतो. त्याच्या पायांवर थेट बोटांपर्यंत पिसे असतात. त्याच्या शास्त्रीय नावातील 'लॅगोपस' या शब्दाचा अर्थच 'सशासारख्या पायांचा' असा आहे. कडाक्याच्या थंडीत बर्फात खळगा करून तो त्यात बसतो आणि विलोच्या कळ्या व काटक्यांवर गुजराण करतो.

अशा काटक पक्ष्याची संख्या स्थिर असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. आइसलँडमध्ये मात्र ती साधारणतः दहा-बारा वर्षांच्या चक्राने वाढते आणि घसरते. तेथे वसंत ऋतूत शास्त्रज्ञ नरांची गणती करतात. त्या काळात माद्या तपकिरी होऊ लागतात, पण नर पांढरेच राहून आपापल्या हद्दीतील उंचवट्यांवर बसतात, त्यामुळे ते सहज दिसतात. ओलाफुर निल्सन यांनी ईशान्य आइसलँडमध्ये १९८१ पासून या पक्ष्यांचा आणि त्यांच्यावर जगणाऱ्या जिरफाल्कन या मोठ्या ससाण्याचा अभ्यास केला. टार्मिगन दुर्मीळ झाले तरी हा ससाणा मुख्यत्वे त्यांचीच शिकार करतो. भक्ष्य वाढल्यानंतर काही वर्षांनी ससाण्यांची संख्या वाढते. म्हणजेच टार्मिगनची संख्या उतरू लागलेली असतानाही शिकाऱ्यांची फौज मोठीच असते.

पण सारा दोष ससाण्यावर टाकता येत नाही. २००६ पासून संशोधकांनी दरवर्षी ऑक्टोबरमध्ये सुमारे शंभर टार्मिगन तपासले. त्यांचे वजन, चरबी आणि अंगातील परोपजीवी यांची नोंद घेतली गेली. आतड्यातील 'आयमेरिया म्यूटा' या सूक्ष्म परोपजीवीने त्यांचे लक्ष वेधले. याच आयमेरिया कुळातील जीवांमुळे कोंबड्यांना कॉक्सिडिओसिस होतो. आपल्याकडील कुक्कुटपालकांना हा रोग चांगला परिचित आहे. परोपजीवीची बीजे विष्ठेतून बाहेर पडतात आणि चारा टिपताना दुसऱ्या पक्ष्याच्या पोटात जातात. पक्षी दाटीवाटीने राहू लागले की साहजिकच संसर्ग वाढतो. तरीही संसर्गाचे प्रमाण संख्येच्या मागे सुमारे दीड वर्षाने चालते, असे दिसून आले. भरभराटीच्या काळात पेरलेली आजाराची बीजे उतरणीच्या काळात उगवतात, असेच म्हणावे लागेल.

अर्थात, दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. येथे टार्मिगनच्याच कुळातील रेड ग्राउसवर झालेला प्रयोग मोलाचा ठरतो. पीटर हडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर इंग्लंडमधील पक्ष्यांना पकडून जंतनाशक औषध दिले. जेथे औषध दिले गेले तेथे संख्येतील घसरण बरीच सौम्य झाल्याचे त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. तेथील परोपजीवी वेगळा होता. पण रोग वन्य पक्ष्यांच्या संख्येला वळण देऊ शकतो, हे या प्रयोगातून दिसले.

या चक्रात माणसाची बंदूकही आहे. आइसलँडमध्ये अनेक घरांत नाताळच्या जेवणात टार्मिगन लागतोच. संख्या फार खालावल्याने २००३ आणि २००४ मध्ये शिकारीवर पूर्ण बंदी घालण्यात आली. २००५ पासून शिकार पुन्हा सुरू झाली, पण मोजक्या दिवसांपुरती. शिकार केलेल्या पक्ष्यांच्या विक्रीला मात्र मनाई करण्यात आली. शिकार घरापुरतीच राहावी, हा त्यामागील विचार.

ससाणा आणि परोपजीवी यांच्यासह टार्मिगन हजारो वर्षे टिकून राहिला आहे. उतरणीनंतर त्याची संख्या पुन्हा चढते. मात्र चक्र तळाशी असताना माणसाने त्यात आपला वाटा घातला, तर ही चढण अवघड होते. म्हणूनच यंदा किती पक्षी दिसले एवढ्यावरून निर्णय घेणे पुरेसे नाही. ते कितपत सशक्त आहेत, हेही पाहावे लागते, कारण येणाऱ्या उतरणीची चाहूल तेथेच आधी लागू शकते.