सांबराच्या मागावर : मुळशीतल्या शिकारीचा बेत

आमच्या मुळशीतल्या घराच्या माळ्यावर ठासणीच्या बंदुकीचा नुसता दस्ता पडून आहे. नळी केव्हाच सरकारजमा झाली. ती बंदूक वापरलेले माझे थोरले चुलते, आप्पा, आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. गेल्या दिवाळीत मी त्यांना विचारले, "आप्पा, पहिल्यांदा सांबराच्या शिकारीला निघालात, तेव्हा बार टाकायची भीती वाटली होती का?" ते म्हणाले, "बाराचं काय घेऊन बसलास? बार घटकाभराचा. बेत दोन महिन्यांचा." हा बेत कसा असे, ते त्यांच्याकडून वर्षभर ऐकून मी टिपून घेतले.

सांबर हा आपल्या देशातला मृगकुळातला सर्वांत मोठा प्राणी. पूर्ण वाढलेला नर अडीचशे किलोंच्याही पुढे जातो. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा एल्क हा त्याचाच भाऊबंद. एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेतले इंग्रज तर सांबरालाच एल्क म्हणत. न्युवारा एलियाच्या डोंगरात कुत्र्यांनिशी केलेल्या अशा शिकारींची वर्णने सॅम्युअल बेकर यांनी 1850 च्या दशकात लिहिली. अमेरिकेतला नवा शिकारी आजही परवाना, हंगाम, नकाशा आणि वारा यांचा विचार काही महिने आधी सुरू करतो. आप्पांच्या बेतातही याच गोष्टी होत्या. फक्त नकाशा कागदावर नव्हता.

हंगाम मार्गशीर्ष-पौषाचा. भाताची झोडणी उरकलेली असे, माणसे मोकळी असत. सांबराचे नरही याच सुमारास माजावर असतात. ते चिखलात लोळतात, झाडांना शिंगे घासतात, त्यामुळे रानात खुणा भरपूर मिळतात. त्यांची शिंगे बहुधा उन्हाळ्यात गळतात, पावसाळ्यात मखमली लव असलेली नवी वाढतात आणि हिवाळ्यापर्यंत टणक होतात. मादी सुमारे आठ महिने गाभण असते. म्हणून आमच्या आजोबांचा दंडक होता, की हंगाम सरला की मादीवर बार टाकायचा नाही. देवराईत शिरलेल्या जनावरावर तर कधीच नाही.

पहिला महिना आप्पांना बंदुकीला हात लावू दिला नव्हता. एका कातकरी मागाऱ्याबरोबर त्यांनी फक्त माग काढायचा. ओल्या मातीतल्या खुराच्या ठशाचा काठ धारदार असेल तर जनावर रात्रीच गेलेले; काठ ढासळून आत पाचोळा पडला असेल तर माग जुना. लेंडी ओलसर की कोरडी, लोळणीतले पाणी गढूळ की निवळलेले, सालीवरचा ओरखडा किती उंचीवर, हे रोज संध्याकाळी घरी येऊन सांगायचे. सांगताना चुकले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाटेने जायचे.

यानंतर वारा. सांबराचे नाक आणि कान फार तिखट. दिवसा उन्हाने डोंगराचा उतार तापतो आणि हवा दरीतून वर चढते. सूर्य कलला की गार झालेली हवा खाली उतरू लागते. हाक्याचे सारे गणित यावर बसवलेले असे. हाकारे खालच्या अंगाने डबे वाजवत रान उठवत, बंदूकवाले वर खिंडीत बसत. हाकाऱ्यांचा वास वाऱ्याबरोबर वर जाई, जनावर त्याच्यापुढे चढत राही आणि खिंडीतल्या माणसाचा वास त्याला लागत नसे. उन्हे उतरली की हेच गणित उलटे होई. म्हणून हाका दुपारीच आटपायचा.

वाटेही आधीच ठरलेले असत. बार टाकणाऱ्याला मुंडी आणि एक फरा. बाकीचे सारखे वाटे हाकाऱ्यांना, मागाऱ्याला आणि ज्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घरालाही.

कायदा तेव्हाही होता. मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला होता. पण गावातले सगळेच हाके कायद्याला विचारून होत नसत, हे आप्पा लपवत नाहीत. रान आटले, बंदुका वाढल्या, सांबर दिसेनासे झाले. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात परवान्याच्या शिकारीला जी वाट उरली होती, ती 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. 2013 मध्ये ताम्हिणी अभयारण्य जाहीर झाले. आता रानात गळून पडलेले शिंगही उचलून घरी आणता येत नाही. आप्पा म्हणतात, "झालं ते बरंच झालं. आम्ही थांबलो नसतो."

बंदूक गेली तसे मागाचे ज्ञानही चालले आहे. तो कातकरी मागारी वारला. त्याच्या नातवाला माग येत नाही, आणि मलाही येत नव्हता. म्हणून यंदा वैशाखात मी माझ्या पहिल्या 'शिकारी'चा बेत केला. हत्यार म्हणजे वही आणि दुर्बीण. राज्यातल्या अनेक अभयारण्यांत वनखाते बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणांवरून प्राणी मोजते. तीच रीत आम्ही गावच्या खाजगी माळावर, मालकाला विचारून, वापरली. पावसाळ्यानंतर पाणी सगळीकडे असते, तेव्हा पाणवठ्यावर बसून उपयोग नाही. वैशाखात झरे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर जनावर येतेच. संध्याकाळचा वारा खाली उतरणार, म्हणून आप्पांनी मला झऱ्याच्या खालच्या अंगाला बसवले.

साडेआठच्या सुमारास एक मादी आणि तिचे पाडस आले. मी दुर्बीण उचलतो तोच मादीने पाय आपटला आणि 'ढाँक' असा आवाज दिला. दोघे पळाले. आप्पा हळूच म्हणाले, "तुला नाही भ्यायली. वरच्या अंगाला वाघरू असंल." सकाळी झऱ्याच्या वर बिबट्याचे ठसे मिळाले.

हा झरा कुठे आहे, ते मी या लेखात लिहिलेले नाही. जे ज्ञान मोजणीला उपयोगी पडते, तेच फासकी लावणाऱ्यालाही पडते. वर लिहिलेले किती लिहावे, याचाही मी बराच विचार केला. जागा सोडून बाकीचे लिहिले, कारण न लिहिता ते आप्पांबरोबर जाईल. येत्या मार्गशीर्षात लोळणी पाहायला वर चढायचे आहे. आप्पांचे गुडघे आता साथ देत नाहीत. मागाऱ्याच्या नातवाला बरोबर घेईन, आणि संध्याकाळी दोघांनी येऊन आप्पांना सांगायचे, असे ठरले आहे.